सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरची सिलिंडर पिन: दोष कसा शोधावा आणि निगा कशी राखावी

सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे ज्याचा घोडा प्रत्येक बारासाठी अंगठ्याने मागे ओढावा लागतो ते, साफ करायला घेतले की सर्वांत आधी हातात येतो तो भाग म्हणजे सिलिंडर पिन, जिला अमेरिकेतले नेमबाज आणि कारागीर बेस पिन म्हणतात. पेन्सिलीहून किंचित बारीक असा हा पोलादी दांडा चौकटीच्या पुढच्या भोकातून आत शिरतो, सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, मध्यातून आरपार जातो आणि त्याचे मागचे टोक चौकटीच्या मागच्या भिंतीतल्या भोकात जाऊन टेकते. बैलगाडीच्या चाकाला जसा आख, तशी सिलिंडरला ही पिन. आख झिजला, वाकला किंवा जागचा हलला की चाक डुगडुगते, आणि इथे तर त्या चाकातल्या प्रत्येक चेंबरला, म्हणजे काडतुसाच्या कप्प्याला, नळीच्या अगदी समोर येऊन थांबायचे असते. सिलिंडर अडखळणे, घोडा चढवताना जड लागणे, काडतूस न पेटणे, शिशाचे बारीक कण बाजूला उडणे अशा अनेक तक्रारींचे मूळ या एका भागात सापडते, पण शोध मात्र बहुतेक वेळा आतल्या यंत्रणेपासून सुरू केला जातो. माझे म्हणणे असे की शोध पिनपासूनच सुरू करावा, कारण ती बहुतेक वेळा कोणत्याही अवजाराविना बाहेर येते, स्वस्तात बदलता येते आणि तिची तपासणी करताना चौकटीला कुठेही धक्का लावावा लागत नाही.

पुढील लेखात ‘घोडा’ म्हणजे अंगठ्याने मागे ओढायचा हॅमर आणि ‘चाप’ म्हणजे बोटाने ओढायचा ट्रिगर, असा अर्थ धरला आहे. पिनला जागेवर धरून ठेवणारा जो आडवा लॅच असतो त्याला मी ‘खिटी’ म्हणेन, कारण दाराची खिटी जे काम करते तेच काम तो करतो.

कायद्याची बाजू आधी सांगतो. हे लेखन अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्वतःचे कायदेशीर रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या मराठी नेमबाजांना समोर ठेवून केले आहे. तिथेही एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी: तात्पुरत्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. शिकारीच्या परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू पडतात की नाही हे वकिलाकडूनच समजून घ्यावे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगण्यासाठी परवाना लागतोच, आणि दुरुस्तीच्या कामासाठीही वेगळा परवाना लागतो. म्हणून महाराष्ट्रातल्या परवानाधारकाने पुढे दिलेल्यांपैकी सफाई आणि निरीक्षण एवढेच स्वतः करावे आणि बाकीचे काम परवानाधारक कारागिराकडे सोपवावे.

आपले रिव्हॉल्व्हर कोणत्या घराण्यातले

पिनचे काम सगळीकडे एकच असले तरी तिची बांधणी घराण्यागणिक बदलते, आणि हा फरक ओळखल्याशिवाय दोष शोधणे फसते. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेले कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी हे या सर्वांचे मूळ पुरुष. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत पिनला धरून ठेवण्यासाठी चौकटीच्या पुढच्या भागातून तिरका स्क्रू घातलेला असे आणि पिन काढायची तर तो स्क्रू सैल करावा लागे. १८९० च्या दशकात त्याच्या जागी स्प्रिंगवर चालणारी आडवी खिटी आली. काळ्या बारुदीच्या काळातली चौकट आणि नंतरची चौकट यांतला फरक संग्राहक आजही या खुणेवरून सांगतात. कोल्टच्या जुन्या सिलिंडरमध्ये पिनभोवती एक सुटी नळीसारखी बुशिंग असते. सिलिंडर प्रत्यक्षात या बुशिंगसह पिनवर फिरतो.

इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया इथे बनणाऱ्या उबेर्तीच्या प्रतिकृती दिसायला कोल्टसारख्याच असतात, परंतु त्यांतल्या अनेकांच्या पिनवर एकाऐवजी दोन खोबणी असतात. ही दुसरी खोबण अनेकांना अडचणीत आणते, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

रूगरने १९५३ मध्ये सिंगल-सिक्स आणि १९५५ मध्ये ब्लॅकहॉक बाजारात आणले आणि १९७३ मध्ये ट्रान्स्फर बार, म्हणजे चाप ओढल्यावरच घोड्याचा आघात काडतुसाकडे पोचवणारी पट्टी, असलेली ‘न्यू मॉडेल’ मालिका सुरू केली. न्यू मॉडेलच्या पिनच्या मागच्या टोकात स्प्रिंगवर आतबाहेर होणारा एक बारीकसा खुंट असतो आणि तो ट्रान्स्फर बारला मागे रेटून धरतो. जुन्या मॉडेलची पिन भरीव असते. दोन्ही पिना वरवर सारख्या दिसतात, म्हणून जुन्या बाजारातून सुटी पिन घेताना तिचे मागचे टोक पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

रिकामे करणे आणि पिन काढणे

काडतुसे कामाच्या टेबलावर नव्हे, तर दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नळी सुरक्षित दिशेला धरून कोल्ट, उबेर्ती किंवा १९७३ पूर्वीचे रूगर असेल तर घोडा अर्ध्या टप्प्यावर आणावा आणि मग उजव्या बाजूचे लोडिंग गेट, म्हणजे काडतुसे भरायचे झाकण, उघडावे. न्यू मॉडेल रूगरमध्ये घोड्याला हात लावायचा नाही, केवळ गेट उघडले की सिलिंडर मोकळा होतो. सिलिंडर फिरवत एकेक चेंबर डोळ्यांनी पाहावा, करंगळीचे टोक लावून चाचपावा आणि मोठ्याने मोजावा. सहा मोजून झाले की पुन्हा एकदा सहा मोजावेत. मी हे कधीही मनातल्या मनात मोजत नाही, कारण मनात मोजताना लक्ष उडाले तरी आकडा पुढे जातो, तोंडाने मोजताना मात्र थांबल्याचे लगेच कळते.

आता चौकटीच्या डाव्या बाजूने खिटीचे डोके अंगठ्याने आत दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने पिनचे डोके पुढे ओढावे. पिन थोडी बाहेर आली की खिटी सोडली तरी चालते. सिलिंडर उजवीकडे, गेटच्या बाजूने, तळहातात घरंगळू द्यावा. पिन ओढण्याआधीच खाली तळहात धरलेला असावा. काही आखूड नळीच्या नमुन्यांत आणि मोठ्या डोक्याच्या पिनांत पिन पूर्ण बाहेर येण्याआधी इजेक्टर रॉडला, म्हणजे रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या दांड्याला, अडते. तशा वेळी जोर न लावता इजेक्टर रॉड थोडा मागे ढकलून वाट करून द्यावी. कोल्टची सुटी बुशिंग सिलिंडरमधून बाहेर पडून टेबलाखाली जाते, म्हणून काम उभ्या काठांच्या ताटात करावे. आपल्या घरातली स्टीलची परात याला उत्तम.

सफाई करतानाच वाचता येणाऱ्या खुणा

पिन पुसण्याआधी ती उजेडात धरून नीट पाहावी, कारण काजळी पुसली गेली की तिने सांगायची गोष्टही पुसली जाते. नळी आणि सिलिंडर यांच्यामधल्या बारीक फटीतून प्रत्येक बाराला गरम वायू आणि शिशाचे कण बाहेर फेकले जातात आणि ते पिनच्या पुढच्या भागावर साचतात. तिथे काळा थर असणे स्वाभाविक आहे. तोच थर सिलिंडरच्या आत, पिनच्या मधल्या भागापर्यंत पोहोचला असेल तर वंगण कमी पडते आहे किंवा सफाईच्या फेऱ्यांत फार अंतर पडते आहे, असे समजावे. पिनच्या सबंध परिघावर सारखी चमक दिसली तर झीज समतोल आहे. एकाच बाजूला चमकदार पट्टा दिसला तर सिलिंडरचा भार तिरका येतो आहे, आणि पिन वाकलेली असण्याची किंवा मागच्या भोकात नीट बसत नसण्याची शक्यता धरून पुढे जावे.

वाक तपासायला महागडे साधन लागत नाही. पिन पुसून खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर, डोके काठाबाहेर ठेवून, हलकेच फिरवावी आणि मागे दिवा ठेवून काच व पिन यांच्यामधली प्रकाशाची रेघ पाहावी. पिन सरळ असेल तर रेघ जागची हलत नाही, वाकलेली असेल तर प्रत्येक फेऱ्याला ती उघडते आणि मिटते. वाकलेली पिन ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, सरळ नवीन घ्यावी.

सफाईसाठी सॉल्व्हंटमध्ये बुडवलेला कापड, कांस्याचा ब्रश आणि लाकडी काडी एवढे पुरते. सिलिंडरचे मधले भोक आणि चौकटीची दोन्ही भोकेही याच वेळी साफ करावीत. मागच्या भोकात साचलेली काजळी डोळ्यांना सहज दिसत नाही आणि तिच्यामुळे पिन केसभर कमी आत जाते. हे ‘केसभर’ पुढच्या दोषात फार महाग पडते. खरखरीत पोलादी लोकर ब्लूइंग केलेल्या, म्हणजे गंजरोधक निळसर-काळा थर दिलेल्या, पृष्ठभागावर वापरू नये. न्यू मॉडेल रूगरच्या पिनचा मागचा खुंट लाकडी काडीने दाबून पाहावा, तो आत जाऊन लगेच परत बाहेर यायला हवा. तेलाचा जुना चिकट थर जमला असेल तर तो अर्ध्यात अडकतो. अशा वेळी सॉल्व्हंटचे दोन थेंब सोडून तो अनेकदा दाबत राहिले की बहुतेक वेळा मोकळा होतो.

पिन पुढे सरकते तेव्हा

सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेला दोष हा आहे. बार उडाला की धक्क्याने सबंध रिव्हॉल्व्हर मागे फेकले जाते, पण पिन मात्र जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते. चौकट मागे गेली आणि पिन राहिली, याचा अर्थ चौकटीच्या हिशेबाने पिन पुढे गेली. तिला रोखणारी एकमेव गोष्ट म्हणजे खोबणीत बसलेली खिटी. खोबणीची कड धारदार आणि सरळ असेल तर खिटी अडून राहते, कड गोल झाली असेल तर प्रत्येक धक्का खिटीला थोडेथोडे बाजूला सारतो आणि एका क्षणी पिन सुटते. हलक्या .२२ काडतुसांत हे क्वचितच घडते, पण .४४ मॅग्नम किंवा .४५ कोल्टच्या जड गोळ्यांच्या भारी काडतुसांत नेहमी घडते.

माझ्या जुन्या .४४ मॅग्नमच्या बाबतीत हे प्रथम घडले तेव्हा चौथ्या बारानंतर घोडा चढेना. सिलिंडरच जाम झाला असे वाटून मी हाताने जोर लावणार होतो, इतक्यात शेजारच्या वयस्कर नेमबाजाने मनगट धरून थांबवले आणि पिनकडे बोट दाखवले. ती जवळपास अर्धा इंच पुढे आली होती. पिनचे मागचे टोक भोकातून सुटले असेल तर सिलिंडर आधाराविना लोंबकळतो आणि चेंबर नळीच्या रेषेत असण्याची काहीही खात्री राहत नाही. अशा स्थितीत घोडा चढवू नये, चाप ओढू नये. नळी समोरच ठेवून खिटी दाबावी, पिन परत आत सारावी, गेट उघडून उरलेली काडतुसे काढावीत आणि त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा.

घरी आल्यावर शोध एका ठरावीक क्रमाने घ्यावा, सोप्याकडून अवघडाकडे. आधी हे पाहावे की पिन मुळात पूर्ण आत बसत होती का. खिटी न दाबता पिनचे डोके नखाने जोरात पुढे ओढून पाहावे. ती सरकली तर खिटी खोबणीत शिरलीच नव्हती, आणि कारण बहुधा मागच्या भोकातली घाण हेच असते. त्यानंतर खिटीची हालचाल तपासावी. दाबून सोडल्यावर ती झटक्यात परत यायला हवी, रेंगाळली तर तिच्या भोकात घट्ट झालेले तेल आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. तिसऱ्यांदा भिंगाखाली खोबणीची मागची आणि पुढची कड आणि खिटीचा त्यावर टेकणारा भाग पाहावा. तिथे चपटा, चकचकीत झिजलेला डाग दिसला तर दोष धातूत आहे आणि केवळ सफाईने तो जाणार नाही. चौथी शक्यता खिटीच्या दुसऱ्या टोकाचा नट सैल झाल्याची असते. तो सैल असेल तर खिटी आपल्या जागी नीट बसत नाही.

उपायही याच क्रमाने करावेत. स्प्रिंग बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि वुल्फसारखे स्प्रिंग बनवणारे यासाठी मूळ स्प्रिंगपेक्षा कडक स्प्रिंग विकतात. खिटी खोलताना तिच्या खाचेत अगदी तंतोतंत बसणाऱ्या रुंदीचा, दोन्ही बाजू समांतर घासलेल्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर वापरावा. घरातला निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर खाच कुरतडतो आणि ती जखम कायमची राहते. नट सुटताच स्प्रिंग उडते, म्हणून दुसऱ्या हाताचे बोट त्यावर ठेवावे किंवा सगळे काम पारदर्शक पिशवीच्या आत करावे. जुनी स्प्रिंग ताणून लांब करून पुन्हा घालण्याचा मोह अनेकांना होतो. ताणलेली स्प्रिंग काही दिवस बरी वाटते आणि नंतर पहिल्यापेक्षाही लवकर बसते, म्हणून हा उपाय करूच नये. नट परत बसवताना त्याच्या आट्यांवर निळ्या, म्हणजे पुन्हा खोलता येणाऱ्या, थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा, सुईच्या टोकाएवढा थेंब लावावा. लाल रंगाचे वापरू नये, आणि थेंब मोठा झाला तर तो खिटीलाच जागेवर चिकटवतो.

स्प्रिंग बदलूनही पिन सरकत असेल आणि खोबण झिजलेली असेल तर नवी पिन घ्यावी. मूळ कारखान्याची पिन साध्या वापराला पुरेशी असते. भारी काडतुसे वापरणाऱ्यांसाठी बेल्ट माउंटनसारख्या कारागिरांच्या पिना मिळतात, ज्यांचा व्यास मूळ पिनपेक्षा किंचित जास्त असतो. त्यांतल्या काहींच्या डोक्यात षट्कोनी किल्लीने फिरवायचा एक बारीक स्क्रू असतो. तो वळवला की त्याचे टोक नळीच्या खालच्या बाजूला टेकते आणि पिनला पुढे जाऊ देत नाही. हा स्क्रू फक्त टेकेपर्यंत आणि त्यापुढे अगदी थोडा फिरवावा. पिळून घट्ट केला तर नळीवर खळगा पडतो, आणि सफाईच्या दिवशी तो सैल करायला विसरून पिन ओढली तर नळीवर ओरखडा उमटतो. माझ्या सफाईच्या पेटीच्या झाकणावर म्हणूनच ‘आधी स्क्रू’ असे दोन शब्द लिहून चिकटवले आहेत.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. खिटी नीट बसावी म्हणून चौकटीचे भोक कानसीने घासू नये आणि खोबणही घरी कोरू नये. पिन, खिटी, स्प्रिंग हे सगळे बदलता येणारे भाग आहेत, चौकट नाही.

पिन निघत नाही तेव्हा

जुने रिव्हॉल्व्हर विकत घेतल्यावर, किंवा काळी बारूद वापरून चार दिवस तसेच ठेवल्यावर, पिन जागेवर धरून बसते. काळ्या बारुदीची राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि तिच्याखाली गंज फार वेगाने चढतो. काउबॉय पद्धतीच्या स्पर्धांत १८७३ च्या वळणाची रिव्हॉल्व्हरे काळ्या बारुदीसह वापरली जातात, म्हणून तिथल्या लोकांना हा त्रास चांगलाच परिचित आहे.

पहिली खात्री अशी करावी की खिटी खरोखर पूर्ण दाबली जाते आहे. अर्धी दाबली जाणारी खिटी आणि गंजलेली पिन यांची लक्षणे हाताला सारखीच लागतात. जुन्या पद्धतीच्या चौकटीत तिरका स्क्रू पूर्ण मागे घेतला आहे का, हेही पाहावे. शंका असेल तर खिटी संपूर्ण खोलून बाजूला ठेवावी. मग रिव्हॉल्व्हर नळी वर करून उभे ठेवावे आणि गंज सोडवणारे पातळ तेल पिन व चौकट यांच्या सांध्यात, सिलिंडरच्या पुढच्या तोंडाशी आणि मागच्या बाजूला थेंबाथेंबाने सोडावे. रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पुन्हा तेल द्यावे. घाई केली नाही तर बहुतेक पिना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी हलतात.

ओढण्याआधी पिन फिरवण्याचा प्रयत्न करावा, कारण गंजाची पकड ओढण्यापेक्षा पिळण्याने लवकर सुटते. डोक्याभोवती जाड चामड्याची पट्टी गुंडाळून त्यावरून पक्कड धरावी, उघड्या पक्कडीचे दात पिनच्या डोक्यावर कधीही उमटू देऊ नयेत. फिरवत असताना दुसऱ्या व्यक्तीने सिलिंडरवर लाकडी दांडीने हलके टकटक करत राहिले तर तेल आत झिरपायला मदत होते. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब चालते, ज्योतीची उष्णता चालत नाही, कारण ती पोलादाचे पाणी उतरवते आणि ब्लूइंगही खराब करते. कोल्टच्या रचनेत घोडा मागे असताना मागून पितळी पंचाने पिन पुढे ठोकता येते, पण ते कारागिरावर सोडावे. न्यू मॉडेल रूगरमध्ये तर मागे तो बारीक खुंट आणि ट्रान्स्फर बार असल्याने तिकडून ठोकण्याचा विचारही करू नये.

पुढे असे घडू नये म्हणून काळी बारूद वापरल्यावर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने सिलिंडर आणि पिन धुवावी, पूर्ण वाळवावी आणि मगच वंगण लावावे. काळ्या बारुदीसोबत पेट्रोलियमच्या तेलाचा डांबरासारखा चिकटा तयार होतो, म्हणून मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल यांच्यापासून केलेले मऊ ग्रीस पिनवर भरपूर लावावे. बार सुरू असताना मध्येच सिलिंडर जड लागू लागला तर रिव्हॉल्व्हर रिकामे करून सिलिंडरचे पुढचे तोंड ओल्या कापडाने पुसले तरी पुढचे काही बार निभावतात.

घोडा पडतो पण काडतूस पेटत नाही

उबेर्तीच्या मालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. दोन खोबणींच्या पिनमध्ये पुढची जागा गोळी झाडण्याची असते आणि आणखी आत दाबून मिळणारी दुसरी जागा सुरक्षिततेची. पिन त्या दुसऱ्या जागी गेली की तिचे मागचे टोक भिंतीतून मागे डोकावते आणि घोड्याला पूर्ण खाली येऊ देत नाही. सफाईनंतर पिन जोमाने आत ढकलली की ती पहिली खोबण ओलांडून नकळत दुसरीत जाऊन बसते, आणि मग मैदानावर काडतुसाच्या टोपीवर खूण उमटत नाही किंवा अगदी पुसट उमटते. अनेकजण अशा वेळी घोड्याची मुख्य स्प्रिंग कमजोर झाली असे समजून ती बदलून मोकळे होतात. खिटी दाबून पिन थोडी पुढे घ्यावी, पहिल्या खोबणीत ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आणावी, आणि घोडा चौकटीला पूर्ण टेकतो आहे का हे रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर पाहावे. ही सुरक्षा वापरायची असो वा नसो, कोल्टच्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवण्याची शिस्त मोडू नये.

ट्रान्स्फर बारच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नवी पिन घातल्यानंतर असाच दोष दिसू लागला तर पिनची लांबी आणि मागचा खुंट संशयित असतात. पिन केसभरही जास्त लांब असेल तर ट्रान्स्फर बारला वर सरकायला अडथळा होतो. घोडा अतिशय सावकाश चढवताना मध्येच खरखर जाणवली तर ती पिन परत करावी.

सिलिंडर डुगडुगतो तेव्हा

डुगडुग नेमकी कुठे आहे हे तीन तुकड्यांत शोधावे. प्रथम सिलिंडर बाजूला ठेवून नुसती पिन चौकटीत बसवावी आणि तिचा मधला भाग वरखाली हलवून पाहावा. इथेच हालचाल असेल तर चौकटीची भोके किंवा पिन झिजली आहे. मग चौकटीबाहेर सिलिंडरमध्ये पिन घालून दोन्ही हातांनी हलवावे. इथली हालचाल सिलिंडरच्या भोकाची किंवा बुशिंगची असते. कोल्टच्या सुट्या बुशिंगच्या बाबतीत बुशिंग सिलिंडरमध्ये आणि पिन बुशिंगमध्ये अशी तपासणी वेगवेगळी करावी. मायक्रोमीटरने पिनचा व्यास तीन ठिकाणी, पुढे, मध्ये आणि मागे, मोजून वहीत लिहावा. मधला व्यास टोकांपेक्षा हजारांश इंचाने कमी भरला तरी झीज स्पष्ट होते.

पुढे-मागे होणारी हालचाल वेगळी मोजावी लागते. सर्व भाग बसवून सिलिंडर मागे दाबून धरावा आणि नळी व सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजावी, मग सिलिंडर पुढे ओढून तीच फट पुन्हा मोजावी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे हालचाल. चांगल्या स्थितीतल्या रिव्हॉल्व्हरमध्ये फट साधारण ४ ते ८ हजारांश इंच, म्हणजे ०.१० ते ०.२० मिलिमीटर, असते. पुढे-मागे होणारी हालचाल पिन बदलून जात नाही, कारण ती सिलिंडरच्या किंवा बुशिंगच्या तोंडाच्या झिजेतून येते. आडवी डुगडुग मात्र किंचित जाड पिनने बऱ्याच प्रमाणात कमी होते. जाड पिन हाताच्या जोराने, वंगण लावून, अलगद शिरायला हवी. हातोडीने घालावी लागणारी पिन त्या चौकटीची नव्हे.

परत बसवणे आणि खात्री करणे

पिनवर तेलाचा पातळ हात फिरवावा. उन्हाळ्यातल्या ॲरिझोनात किंवा टेक्ससमध्ये जास्त तेल धूळ धरून ठेवते, आणि मिनेसोटाच्या थंडीत जाड ग्रीस घट्ट होऊन सिलिंडर जड करते, म्हणून ऋतू पाहून वंगण निवडावे. स्टेनलेस पिन स्टेनलेस सिलिंडरमध्ये कोरडी कधीच घालू नये, दोन्ही धातू एकमेकांना चावतात आणि ओरखडे पडतात. गेट उघडे ठेवून, कोल्टच्या घराण्यात घोडा अर्ध्या टप्प्यावर आणून, सिलिंडर उजवीकडून आत घालताना तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने किंचित फिरवावा, म्हणजे त्याला ढकलणारी बोटासारखी पट्टी बाजूला होते. पिन आत सारावी, खिटीचा आवाज ऐकावा आणि खिटी न दाबता पिन ओढून पाहावी. कोल्टमध्ये अर्ध्या टप्प्यावरून घोडा थेट खाली सोडू नये. तो पूर्ण मागे घेऊन मग अंगठ्याने धरून सावकाश उतरवावा, नाहीतर सिलिंडरच्या अंगावर गोल रेघ उमटते.

बनावट काडतुसे भरून सहाही चेंबर फिरवून पाहावेत. मैदानावर पहिल्या फेरीत एकच काडतूस भरावे, मग दोन, मग पाच. पिन सरकते की नाही हे पाहण्यासाठी काहीजण तिच्या डोक्यावर नेलपॉलिशची रेघ ओढतात, पण पिन जागच्या जागी गोल फिरू शकते, त्यामुळे रेघ भलतेच सांगते. त्याऐवजी डोक्यापासून चौकटीपर्यंतचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने आधी आणि प्रत्येक फेरीनंतर मोजावे. तीस बारांनंतरही आकडा तोच राहिला तर दुरुस्ती टिकली असे मी मानतो. होल्स्टरमध्ये घालून काढल्यावरही एकदा मोजावे, कारण घट्ट चामडे खिटीच्या डोक्यावर दाब देत असेल तर सगळी मेहनत तिथे वाया जाते.

बदललेली जुनी पिन टाकून देऊ नये. तिला तेल लावून, कागदात गुंडाळून, त्यावर रिव्हॉल्व्हरचे नाव आणि मोजलेले तीन व्यास लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी नव्या पिनचे आकडे मोजताना ती शेजारी ठेवली की झीज कुठे आणि किती वेगाने होते आहे हे लगेच दिसते.